विमानाला फाळका

कराड, ११ जानेवारी २०२५

तरन्नुम,

सलाम. कागदावर लिहितोय याचं नवल करू नकोस. फोनवर मी बोललो की तू "हं" म्हणतेस, आणि "हं"शी वाद घालता येत नाही. तुझी अम्मी म्हणते, "कागदावर वाघ, फोनवर शेळी." म्हणू दे.

वडूजचा आप्पासो तुला आठवत असेल. उसाचा ट्रक चालवतो, बोलणंही ट्रकच्या हॉर्नसारखं. परवा तो पेपर फडकावत आपल्या ट्रक-बॉडीच्या कारखान्यात आला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "रसूलभाई, तुमची पोरगी इमानाला ट्रकच्या मागच्या दारावानी फाळका बसवतीया म्हणं! आता आमचा ऊस बी वरनंच न्या म्हणावं." वेल्डिंगवाले हसले, मीही हसलो. मग पेपर घेऊन आत गेलो आणि दार लावून वाचला.

फोटो बरा आलाय. हेल्मेटचा पट्टा सैल आहे.

बातमीत लिहिलंय की परदेशातल्या एका कंपनीनं नवं प्रवासी विमान काढलंय, अंग कार्बनच्या धाग्यांचं, आणि त्यातून माल वाहायचं विमान निघेल का हे तपासायचं काम तुमच्या बंगळूरच्या ऑफिसला मिळालंय. तुझ्या तोंडी एक वाक्य दिलंय: "हे विमान उत्तम मालवाहू होऊ शकतं आणि आजच्या मालवाहू विमानांशी स्पर्धा करू शकतं." ते वाक्य चूक आहे. तिथं कुणी तोंडावर सांगत नसेल, म्हणून मी सांगतो.

मी विमानात बसलो ते एकदाच, हजला जाताना, हे कबूल. पण गेली काही वर्षं विमानांवर मिळेल ते वाचतोय, शब्दकोश शेजारी ठेवून. का म्हणून विचारू नकोस. वाचायला कारण लागत नाही.

आपण जुन्या बसचे मालट्रक केलेत. खिडक्यांवर पत्रा मारणं कुणालाही जमतं, खरी मेख दारात असते. बसचा भार नुसता चासीवर नसतो, कुशीच्या पत्र्यावरही असतो. कूस कापली की बस कमरेत वाकते. विमानाला तर चासीच नाही, त्याचं अंग हीच चासी. त्यात अख्खी खोली आत जाईल एवढं भगदाड पाडायचं! जुनी विमानं ॲल्युमिनियमची, तिथं कापा, जाड चौकट घाला, रिव्हेट मारा, चालतं. कार्बनचं अंग म्हणजे विणलेली टोपली. टोपलीचे धागे कापल्यावर ती कशाच्या जिवावर उभी राहणार? कोपरे गोल ठेवायचे, चौकोनी कोपऱ्यातून चीर सुटते, हे तुला सांगायला नको.

बरं, बसलं दार असं धरू. पुढं धंद्याचं काय? आप्पासोचा ट्रक दारुड्यासारखा डिझेल पितो. तरी तो नवा घेत नाही. कारण ऊस चार महिने, बाकीचे आठ महिने ट्रक लिंबाखाली. उभा ट्रक डिझेल पीत नाही, पण नव्या ट्रकचा हप्ता उभ्या उभ्याही चालूच असतो. मालाच्या विमानांचं तेच आहे. बरीचशी म्हातारी, प्रवासी उतरवून स्वस्तात घेतलेली. रात्री एक खेप करायची आणि दिवसभर उन्हात उभं राहायचं. तुझं नवं विमान किती का कमी तेल पिईना, उभ्या विमानाचं तेल वाचत नाही. म्हातारा ट्रक जिंकणार.

पैज लावतो. तुझं विमान मालाच्या धंद्यात टिकेल असं ठरलं, तर तू सांगशील ते करीन. नाही ठरलं, तर घरी यायचंस आणि माझ्यासमोर बसून म्हणायचंस, अब्बांचं बरोबर होतं. कबूल?

अम्मीचा गुडघा तसाच. तुझा चुलतभाऊ राहील बरा आहे. कारखाना आता तोच बघतो, म्हणजे मी बघतो आणि तो फोन घेतो. शिराळ्याचे उदयसिंहदादा, दूध डेअरीवाले, येऊन गेले. सहजच.

रसूल शिकलगार


कराड, ३ फेब्रुवारी २०२५

तरन्नुम,

मी पानं भरभरून लिहिली आणि तू अम्मीच्या मोबाईलवर चार ओळी पाठवल्यास. "दुधाची गाडी विसरलात, अब्बा. पैज कबूल. मी जिंकले तर एकच करायचं. ती गाडी कुणी काढली होती, ते उदयसिंहदादांना सांगायचं."

अम्मीनं मोठ्यानं वाचलं. राहील समोर जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "चाचा, त्या फेट्याचं अजून चाललंय व्हय?" मी म्हणालो, तू जेव.

दुधाची गाडी मी विसरलो नाही, मुद्दाम बाजूला ठेवली. ती उसासारखी नसते. सकाळ-संध्याकाळ धावते, सणावारी धावते, थांबली की दूध नासतं. तिथं नवी, कमी तेल पिणारी गाडीच परवडते. तसं जे विमान दिवसातले चौदा तास हवेत असतं, एका खंडातून दुसऱ्या खंडात, उतरलं की भरलं आणि परत उडालं, त्याला तुझं म्हणणं लागू पडेल. एवढं देतो. शिवाय हल्ली माल कडब्यासारखा झालाय, खोकी मोठी नि आत हवा. वजन भरायच्या आत हौदा भरतो. तिथं तुझं रुंद, हलकं अंग कामाला येईल. हेही देतो. पण अशी विमानं थोडी आणि आप्पासो फार. दाराचं तर तू काही बोललीच नाहीस.

आता तू विषय काढलास म्हणून त्या गाडीचं बोलतो.

उदयसिंहदादांना घाटातल्या गावांचं दूध थंड ठेवून आणायचं होतं. तू पेटीचं दार मागून काढून कुशीला आणलंस, म्हणजे पाटणच्या क्रेट काढायला कोयनेच्या क्रेट आधी उतरवायला नकोत. मी म्हणालो होतो, कूस कापू नकोस, घाटात पिळवटेल. तू चौकट दुहेरी केलीस, दाराचा उंबरा खालच्या आडव्या बीमला बांधलास आणि वरून गारवा धरणारा पफचा फोम भरून सगळं झाकून टाकलंस. भरलेली गाडी कोयनानगरच्या घाटातून उतरवली आणि दार लोण्यासारखं उघडलं. माझंही लक्ष होतंच की त्यात.

गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक मिस्त्रीला फेटा बांधतं, ही आपल्याकडची रीत. दादांनी विचारलं, "मिस्त्री कोण?" मी राहीलला पुढं केलं. त्यात एवढं काय आभाळ कोसळलं? पोरीच्या हातची गाडी म्हटल्यावर गिऱ्हाईक बिथरतं. घाटात काही झालं असतं तर पहिलं बोट तुझ्याकडे गेलं असतं. राहीलला कारखाना चालवायचा होता, तुला लग्न करून जायचं होतं. निदान तेव्हा तसं धरलेलं होतं. आणि तू तरी कुठं बोललीस? टेप गुंडाळत उभी होतीस. माणसानं बोलावं. एक शब्द बोलली असतीस तर मी काय तोंड दाबणार होतो? आठ दिवसांत बॅग भरलीस आणि बंगळूर गाठलंस. कारखान्यासमोरून हायवेनं रोज शेकडो ट्रक तिकडंच जातात. त्यांना जायला काही वाटत नाही, तुला यायला सहा वर्षं जमलं नाही.

ती गाडी अजून चालते. दादांना तशाच आठ हव्यात. मला म्हणाले, "रसूलभाई, ज्यानं पयली काढली, त्याच्याच हातनं पायजेत." मी म्हटलं, राहील आहेच की. तो काढतोय. जमेल त्याला.

रसूल शिकलगार


कराड, १४ मार्च २०२५

तरन्नुम,

रोजे चालू आहेत. दुपारी काम थांबवतो, म्हणून लिहायला वेळ आहे. दुसरं काही कारण नाही.

तुझा निरोप मिळाला. "कापण्याबद्दल तुमचं बरोबर. तयार विमान कापून दार बसवणं परवडत नाही, आम्हीही तेच लिहितोय. पण कापायचंच कशाला? कारखान्यात अंग विणतानाच दार ठेवायचं." पहिलं वाक्य मी अम्मीकडून दोनदा वाचून घेतलं. आप्पासोलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजी जिकला की वो तुमी!" मी म्हटलं, अजून नाही.

कारण तुझं शेवटचं वाक्य. टोपलीचं तोंड कापून करत नाहीत, विणतानाच सोडतात. बुरूड गल्लीतनं आयुष्यभर येजा केली आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यानं केलेल्या गाड्या कापल्या, म्हणून विमानही कापूनच बघितलं. चूक नाही म्हणणार मी याला. सवय म्हण.

तरीही प्रश्न उरतोच. दारासकट नवं कोरं विमान म्हणजे किंमतही नवी कोरी. ते घेणारा कुणी निघाला पाहिजे. तोवर पैज उघडी.

आता दाराचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट विचारतो, नुसती माहितीसाठी. राहीलनं दादांची पहिली गाडी उभी केली. दार कुशीला, तुझ्यासारखंच, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. परवा क्रेट भरून घाटातून काढली. हेळवाकच्या पुढच्या वळणावर दार जे अडकलं ते पहारीनं उघडावं लागलं. पेटी पिळवटली होती. दूध सगळं वाया. राहील म्हणतो बिजागरी खराब. बिजागरी माझ्या हातची आहे, खराब नाही. चौकटीत खोट आहे.

जुन्या गाडीवरून माप घ्यावं तर चौकट पफच्या आत गाडलेली. बघायची तर पेटी फोडावी लागेल, आणि गाडी रोज रस्त्यावर. तुझं रेखाटन तू जाताना घेऊन गेलीस. तुझंच होतं, घेऊन गेलीस, तक्रार नाही. पण विमानाच्या दाराची आपली चर्चा पुढं न्यायची तर उंबरा बीमला कसा बांधला होतास ते समोर असलेलं बरं. फोटो काढून अम्मीच्या मोबाईलवर टाकलास तरी चालेल. घाई नाही. दादा महिनाअखेर येणार आहेत.

अम्मी म्हणाली, "सरळ माग की." मी म्हटलं, सरळच मागतोय.

ईदला येणार असशील तर आधी कळव. म्हणजे शिरखुर्म्याला खजूर तुझ्या आवडीचा आणता येईल, एवढंच.

रसूल शिकलगार


कराड, ९ एप्रिल २०२५

तरन्नुम,

ईदला आली नाहीस. खजूर राहीलच्या पोरांनी संपवला.

रेखाटन मागितलं त्यावर तुझं उत्तर आलं, "आधी पैज." बरं. आणि परवा दुसरा निरोप. एका विमान कंपनीनं मालाची विमानं मागवली, कारखान्यातूनच दारासकट, लांबच्या रोजच्या खेपांसाठी. तुमच्या अहवालात काय लिहिलं तेही कळवलंस: जुनी कापून करायला परवडणार नाहीत, रात्री एक खेप करणाऱ्याला परवडणार नाहीत, पण रोज लांब उडणाऱ्याला आजच्या कुठल्याही मालवाहू विमानापेक्षा स्वस्त पडतील.

राहील म्हणाला, "चाचा, बरोबरी झाली. कापायचं तुमचं खरं, उडायचं तिचं खरं. सोडून द्या." आप्पासोचंही तेच, "निम्मं निम्मं करा गड्या." मलाही तसं म्हणता आलं असतं. पण पेपर काढून तुझं वाक्य परत वाचलं. त्यात "कापून" हा शब्द नाही. "सगळ्या खेपांना" असंही नाही. तू म्हणालीस, होऊ शकतं आणि स्पर्धा करू शकतं. कापायचं माझ्या डोक्यातलं होतं, आणि ऊसही माझ्याच डोक्यातला. वाक्य तुझं बरोबर निघालं. मापात मी कुणाला सूट देत नाही, स्वतःलाही नाही.

म्हणून काल शिराळ्याला गेलो. एकटा, एसटीनं.

दादा डेअरीच्या ऑफिसात होते. "आवं, रसूलभाई! बसा. चा सांगतो. दाराचं काय झालं?" मी म्हटलं, दाराचंच सांगायला आलोय. पहिल्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिलीय. तर माणूस हसायलाच लागला.

"ऱ्हाऊ द्या. मला तवाच कळलं हुतं."

मी म्हटलं, काय कळलं होतं?

"फेटा बांधताना तुमचा राहील नवरदेवासारखा उभा, आन पोरगी मागं टेप गुंडाळती. टेप जिच्या हातात, मिस्त्री ती. फेटा काय, कुणाच्या बी डोस्क्यावर बसतुय. आन घाटात गाडीखाली झोपून बीम कोण बघत हुतं? माझा डायवर काय आंधळा हाय व्हय?"

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"म्हटलं बाप हाय, सांगंल आज न्हाई उद्या. आठ गाड्यांचं बोललो तवा बी मुद्दाम म्हटलं, ज्यानं पयली काढली त्याच्याच हातनं. वाट मोकळी करून दिली की वो तुमाला. तुमी म्हणला, राहील हायच की."

चहा आला. मी घेतला नाही, रोजा नव्हता तरी. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली रेखाटन. तुझं. उंबरा, दुहेरी चौकट, गोल कोपरे, सगळं नव्यानं, कॉम्प्युटरवर काढलेलं. म्हणाले, गेल्या आठवड्यात त्यांनी तुला फोन केला आणि तू दोन दिवसांत पाठवलंस. आठही गाड्या मिरजेच्या सिद्धूकडे दिल्यात. आपल्याकडे रिव्हेट धरायला शिकला तो सिद्धू.

मी विचारलं, माझा कारखाना का नको? रेखाटन माझ्या पोरीचं, मग हात माझा का चालत नाही?

दादा आता हसत नव्हते. "राग मानू नका, रसूलभाई. घरच्या पोरीचं काम जो दडवतो, त्यो उद्या बारा गेजचा पत्रा सांगून चौदाचा लावंल. वरनं पफ भरल्यावं आत काय हाय, आमाला कसं कळायचं?"

तरन्नुम, तीस वर्षं. बाराच्या जागी चौदाचा पातळ पत्रा मी कधी लावला नाही. गिऱ्हाईकाला कळणार नाही अशा जागीसुद्धा नाही. तुला ठाऊक आहे, टेपचं दुसरं टोक तूच धरायचीस. ते त्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की हे खरं आहे असं सांगणारं माणूस बंगळूरला आहे. उठलो. दाराशी ते म्हणाले, "पोरीला आमचा रामराम सांगा." तो इथं लिहून पोचवला.

तुझी अट होती, सांगायचं. मी सांगितलं नाही. मला सांगू दिलं नाही, हे खरं, पण सांगितलं नाही हेही तितकंच खरं. तेव्हा अट पुरी झाली असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. आणि मी चुकलो असं लिहून घ्यायला थांबली असशील तर थांबू नकोस. त्या दिवशी त्या गिऱ्हाईकापुढं मला जे शहाणपणाचं वाटलं ते मी केलं. गिऱ्हाईक माझ्यापेक्षा शहाणं निघालं, एवढंच.

राहीलनं केलेली गाडी अंगणात उभी आहे. दार अजून उघडंच. लागत नाही.

आता कामाचं. रेखाटन मी काचेवरून सगळं वाचलं. चांगलं आहे. नाव कोपऱ्यात फार बारीक टाकलंयस, दादांना मला दाखवायला चष्मा लावावा लागला. मोठं टाकत जा. आणि एक चूक आहे. उंबऱ्याच्या पट्टीला मागच्या चाकाच्या बाजूनं तू पाच बोल्ट दाखवलेत. पहिल्या गाडीत सहा होते. सहावा मी मारला होता, तू वर जेवायला गेली होतीस तेव्हा. पट्टी तिथं हलत होती, पाचावर ती दोन पावसाळे काढील, तिसरा नाही. तुला सांगायचं राहून गेलं. सिद्धू माझं ऐकायचा नाही. तूच कळव त्याला, पफ भरायच्या आत.

रसूल